जोशुआ ट्रीला हुकअपशिवाय: ट्रेलरचे प्लग इन्व्हर्टरवर

डिसेंबरात आईबाबा पुण्याहून आले होते तेव्हा राहायचा ट्रेलर घेऊन कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेलो, जंबो रॉक्स कॅम्पग्राउंडला. जागा अप्रतिम आहे, खडकांच्या कुशीतच गाडी लागते. पण पार्कात हुकअप, म्हणजे जागेवर वीज-पाण्याची जोडणी, कुठेच नाही आणि जंबो रॉक्सला पाणीही नाही, त्यामुळे टाकी भरूनच जा. जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालतो, आम्हाला तर तो आवाजच नको होता, म्हणून सगळं बॅटरीवर.

सेटअप साधा आहे, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या म्हणजे घरच्या मीटरच्या हिशोबात अडीच युनिट, आणि २००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्यासारखी सुरळीत वीज देणारा) इन्व्हर्टर. ट्रेलरची ३० अँपची केबल अडॅप्टर लावून इन्व्हर्टरला जोडली की आतले सगळे प्लग चालू होतात. पण त्याआधी ट्रेलरच्या ब्रेकर पॅनेलमधला कन्व्हर्टरचा (प्लगच्या विजेवर बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या यंत्राचा) ब्रेकर पाडायचा म्हणजे पाडायचाच! नाहीतर इन्व्हर्टर बॅटरीतून वीज घेतो, ती कन्व्हर्टरला मिळते आणि तो परत त्याच बॅटऱ्या चार्ज करत बसतो, दर फेरीला वीज नुसती उष्णतेत जाते. फ्रिज ऑटोवर ठेवू नका, लाइन आली की तो गॅस सोडून विजेवर जातो, सरळ गॅसवरच लावा. गीझरचं इलेक्ट्रिक एलिमेंटही बंद, आणि एसीचं नावच काढू नका.

खरा हिशोब वॉटचा नाही, वेळेचा आहे. मिक्सरवर ओल्या खोबऱ्याची चटणी दोन मिनिटांत होते, बॅटरीला कळतही नाही. मायक्रोवेव्हवर १००० वॉट लिहिलेलं असलं तरी तो १५०० च्या आसपास ओढतो, पण दहा मिनिटांत पाव युनिटच जातं, चालतंय की. १५०० वॉटचा हीटर मात्र दीड तासात सगळं संपवेल, आईला कितीही थंडी वाजली तरी ट्रेलरची गॅसवरची फर्नेस (हीटर) लावा, तिचा पंखा १२ व्होल्टवर चालतो.

वायरिंगमध्ये काटकसर अजिबात नको. १२ व्होल्टला २००० वॉट म्हणजे इन्व्हर्टरमधली घट धरून १७० अँपच्या वर करंट, तेव्हा बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि आखूड हवी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. दोन्ही टोकांना मेल (पिनांचा) प्लग असलेली वायर बनवून आतल्या प्लगमधून उलटी वीज देणारे लोक आहेत, ते कृपा करून करू नका, उघड्या पिनांत करंट असतो, जीव जाईल. कायमची सोय करायची असेल तर ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज की इन्व्हर्टर, एका वेळी एकच जोडणारा) बसवा आणि न्यूट्रल-अर्थचं बाँडिंग, म्हणजे त्या दोघांची जोडणी, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि हो, लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री पारा तिथवर उतरतो, म्हणून बॅटरी बाहेर असेल तर सकाळी ती जरा गरम होईपर्यंत चार्जिंगचं सोलर पॅनेल जोडू नका. हे पॅनेल सुटं असलेलं बरं, खडकांची सावली सरकेल तसं उचलून हलवता येतं.