रिव्हर्ट, ईओडी आणि माझी २०० पानी वही

मी सातारा जिल्ह्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. पुण्यात एका खाजगी कंपनीत १६ वर्षं अकाउंट्स बघते. व्हाउचर, लेजर, टीडीएस यांचं इंग्रजी तोंडपाठ, त्यामुळे आपलं इंग्रजी कुठे अडतं असं कधी वाटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीला इंग्लंडमधल्या लीड्सचं काम मिळालं आणि माझ्यावर मेल, टीम्स आणि व्हॉट्सॲप असा तिन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. दिवसाला ७०-८० मेल. संध्याकाळी घरी आले तरी डोक्यात टुंग टुंग चालूच.

खरी ठेच लागली ती 'रिव्हर्ट' या शब्दाला. आपल्याकडे ऑफिसात 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर द्या'. मीही आयुष्यभर तसंच लिहीत आले. बिलांच्या पेमेंटची शीट मी दोन दिवस खपून नवीन तयार केली, लीड्सला पाठवली आणि खाली लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट ऑन द न्यू शीट'. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते तर जुनीच शीट जागेवर! माझे नवे कॉलम गायब, आणि तिकडच्या बाईंचा एका शब्दाचा मेल: 'डन!' तिकडे रिव्हर्ट म्हणजे पूर्ववत करणे. त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितलं ते केलं. शीट व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे जुन्या प्रतींच्या नोंदीतून, परत मिळाली, पण तो घोळ निस्तरायला १९ मेल गेले. मी मोजले.

त्या दिवशी लेकीच्या कपाटातली २०० पानी वही घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ नाही, तर 'मला काही करायचंय का?' हा एकच प्रश्न. एफवायआय: काही नाही, वाचून सोड. ॲक्शन रिक्वायर्ड: आज कर. लूपिंग इन: कुणाला तरी मध्ये घेतलंय, आपण गप्प बस. 'लेट्स टेक धिस ऑफलाइन' याच्यापुढे 'कॉल बंद करायचा नाही' असं लाल पेनाने लिहिलंय, कारण मी एकदा केला होता. मला वाटलं, ऑफलाइन जा म्हणतायत. ते म्हणत होते, हा विषय नंतर वेगळा बोलू.

सीसीला मात्र मी मनापासून हसले. कार्बन कॉपी! टायपिंगच्या क्लासात दोन कागदांत कार्बन घालताना बोटं निळी व्हायची, तोच हा कार्बन. मूळ कागद ज्याला जायचा त्याने काम करायचं, कार्बन प्रत फक्त फायलीला. एवढं डोक्यात बसलं आणि मी मेलमध्ये नियम लावला: ज्यात माझं नाव सीसीत आहे ते सगळं वेगळ्या फोल्डरला, दुपारी जेवणानंतर एकदाच बघायचं. निम्म्याहून जास्त मेल तिकडे गेले. इतकी वर्षं कार्बन प्रतींना उत्तरं देत बसले होते.

ईओडीला मात्र वेळ लागला. एंड ऑफ डे, पण कुणाचा? लीड्सचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे घेतात, मग थेट साडेदहा. पहिल्या वर्षी 'बाय ईओडी प्लीज' असं आलं की मी कुकरची शिट्टी ऐकत, लॅपटॉप ओट्यावर ठेवून बसायचे. विचारायची लाज वाटायची. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिसकनेक्ट'चं, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक मांडलं होतं, फ्रान्समध्ये तर तसा कायदा २०१७ पासून आहे. मी ते वाचून सुस्कारा टाकला, पण साडेनऊला हातात लॅपटॉप होताच.

आणखी एक आपलीच सवय नडली. आपण 'बघते' म्हणतो. समोरच्या मराठी माणसाला कळतं की हे आज होणार नाही. मी त्याचं 'आय विल ट्राय' केलं आणि लीड्सकरांनी ते 'होणार' असं धरलं. 'बघते'ला इंग्रजीत खरंच जोड नाही. शेवटी वहीत एक वाक्य उतरवून घेतलं: 'नॉट टुडे. आय कॅन डू इट बाय थर्सडे नून, इंडिया टाइम.' पहिल्यांदा पाठवलं तेव्हा फार उद्धट वाटलं. उत्तर आलं: 'परफेक्ट, थँक्स.'

घरचं प्रकरण वेगळंच. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर रोज पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं. लेक म्हणाली, "आई, आता ग्रुप गुपचूप सोडता येतो, कुणाला कळत नाही." २०२२ पासून तसं आहे खरं, पण ॲडमिनला सूचना जाते. आणि ॲडमिन कोण, तर माझे थोरले दीर. दहा मिनिटांत जाऊबाईंचा फोन, "काय गं, आमचं काही चुकलं का?" परत जॉइन झाले. मग म्यूट आणि अर्काइव्ह हे दोन शब्द वहीत नीट शिकले. म्यूट म्हणजे आवाज बंद, माणूस आत. अर्काइव्ह म्हणजे ट्रंकेत ठेवलेलं, टाकलेलं नाही. ब्लॉक या शब्दासमोर अजून काहीच लिहिलेलं नाही, नात्यात तो वापरायची हिंमत नाही.

जाहिरातींसाठी मात्र वापरला. नको असलेल्या जाहिराती बंद करायच्या १९०९ या नंबरवर 'फुल्ली ब्लॉक' असा एसएमएस केला. बँकेचे ओटीपी तरीही येतात, कारण ते ट्रान्झॅक्शनल, म्हणजे व्यवहाराचे, धरतात. आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे प्रमोशनल, एस सर्व्हिस, टी ट्रान्झॅक्शनल, जी गव्हर्नमेंट. पी दिसलं की न उघडता डिलीट.

वही आता ४३ व्या पानावर आहे. 'सर्कल बॅक' म्हणजे 'याकडे पुन्हा येऊ', पण नेमकं कधी, ते मला अजून उमगलेलं नाही, बहुधा लिहिणाऱ्यालाही नसतं.

मागच्या आठवड्यात त्याच 'डन!'वाल्या बाईंचा मेल आला: 'नो रश. टुमॉरो, बाय युवर ईओडी.' 'युवर' मी दोनदा वाचलं. पावणेसात झाले होते. लॅपटॉप मिटला, पिशवी घेतली आणि मेथी संपायच्या आत मंडईत पोचले.