बाळूचं कॉलेज आणि जर्मन सूत्र

गावी फोन लावला की काकू हमखास विचारते, "आपला बाळू साध्या कॉलेजात आहे रे, त्याला घेतील का तिकडं जर्मनीत?" साधं म्हणजे माझंच. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, तीन बाजूंनी ऊस. पुण्यात मुलाखतीला नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" ठरलेलंच. त्याच धास्तीनं मी जर्मनीतल्या विद्यापीठांचे अर्ज भरले होते.

इथं कॉलेजचं नाव कुणी काढलंच नाही. 'अनाबिन' नावाच्या सरकारी नोंदीत विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे की नाही, एवढं पाहिलं. नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस या जर्मन तपासणी कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, पण तेही मुख्यतः कागद खरे आहेत का तेच तपासतं.

मग गुण. जर्मनीत 1 सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास. आपले गुण त्यात बसवायला बव्हेरियन सूत्र आहे: कमाल गुणांतून आपले वजा करा, कमाल आणि पासपुरते किमान गुण यांच्या फरकानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. माझे 10 पैकी 7.6, पासला 4, आले 2.2. माझा रूममेट आयआयटीचा, 7.0 वाला. त्याचे आले 2.5! पेपर किती अवघड होता, हे सूत्राला कळत नाही. तो अजून कुरकुरतो, मी चहा करून देतो.

सगळीकडे असं नाही हं. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं भारतीय संस्थांची प्रतवारी करून वेगवेगळी टक्केवारी मागतात.

मला नडला तो सिलॅबस. कुठल्या विषयाचे किती क्रेडिट, त्यात काय शिकवलं, ते ताडून बघतात. आठ सेमिस्टरचा गठ्ठा शिक्क्यासाठी नेला तेव्हा क्लार्क म्हणाले, "एवढं कोण वाचणार तिथं?" वाचलं की! एका ठिकाणी गणिताचे क्रेडिट कमी भरले म्हणून नकार आला. दुसऱ्यांनी मेल करून 'मॅथ्स-3'मध्ये नेमकं काय होतं ते विचारलं. मी युनिटवार लिहून पाठवलं, तिथंच प्रवेश झाला.

परवा काकूला म्हटलं, बाळूला सिलॅबसची पुस्तकं जपून ठेवायला सांग.

"पहिल्या वर्षाचं सगळं दिवाळीत रद्दीला गेलं की रे."