दांडिया बाजारातला वाडा आणि दुरुस्तीची परवानगी: माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. सागवानी चौकट, मधे विटांची भरण. दुरुस्तीची परवानगी अखेर मिळाली, पण मजबुतीच्या दाखल्याने (वाडा भक्कम आहे असं इंजिनिअरने सही करून देण्याचा कागद) जो जीव खाल्ला त्याचा राग अजून जात नाही.

सिटी सर्व्हेचा उतारा, वारसनोंद, नकाशा हे सगळं सुरळीत झालं. दाखल्याच्या फॉर्मात मात्र बांधकामाचे दोनच प्रकार: आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) किंवा लोड बेअरिंग (भिंतींवर पेललेलं). कचेरीत म्हणाले, "लोड बेअरिंग लिहून टाका." मी ठाम नकार दिला. तसं लिहिलं की सगळा भार भिंतींवर धरतात. आमच्या माडीच्या भिंती जेमतेम साडेचार इंची. त्या हिशेबात वाडा थेट जर्जरित, म्हणजे मोडकळीला आलेला, ठरला असता. खरा भार कडीपाटावरून (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) तुळईवर, तिथून खांबावर आणि खांबावरून दगडी तळखड्यावर (खांबाखालचा बैठकीचा दगड) उतरतो. भिंत नुसता आडोसा. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात आमच्या एका भिंतीच्या विटा ढासळल्या, पण माडी जागची हलली नाही. हे कितीदा सांगितलं! प्रत्येक टेबलावर एकच उत्तर: "लाकडाला कोड नाही, सही कोण करणार?"

कोड आहे. आयएस 883 हे भारतीय मानक लाकडी बांधकामाचंच आहे. ते वापरून सही करणारा इंजिनिअर मिळेपर्यंत एक पावसाळा गेला. त्याने प्रत्येक खांब-तुळईचं माप घेऊन उभा छेद काढला, सुताराने खांबांच्या बुडाशी दाभण खुपसून कूज तपासली. फॉर्मवर आम्ही हाताने "सागवानी चौकट" असा तिसरा प्रकार लिहिला. तो मंजूर झाला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

वारसांच्या सह्या आधीच गोळा करा, हे सांगायचं राहिलं. आणि कोणी लाकडी घर म्हणजे कच्चं घर म्हणालं, तर बडोद्यातल्याच तांबेकर वाड्याकडे बोट दाखवा. एकोणिसाव्या शतकातला तो चार मजली वाडा पुरातत्त्व खात्याने जपलाय.

कुजलेले खांब निघाले ते फरशीखाली तळखडा सिमेंटने बुजवला होता तिथेच. ओल वर चढली होती. टेकू देऊन कुजका भाग कापला आणि मुरलेल्या सागाचा तुकडा साळ-कूस करून (खाच आणि तीत बसणारी जीभ कोरून) जोडला. गिलावा चुन्याचाच केला, कंत्राटदार सिमेंटसाठी अडून बसला होता तरीही.