एअर मार्शलांनी न दिलेला आकडा

पाकिस्तानशी झालेल्या लढाईत आपलं राफेल लढाऊ विमान पडलं का, हा प्रश्न आला तेव्हा हातातले फोन आपोआप खाली गेले. 11 मे 2025, रविवारची संध्याकाळ. शस्त्रसंधी होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात त्या रात्री पान एक माझ्याकडे होतं. टीव्हीवर दिल्लीची पत्रकार परिषद चालू होती. लष्कराचे डीजीएमओ, म्हणजे लष्करी मोहिमांचे महासंचालक, लेफ्टनंट जनरल राजीव घई, नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद आणि हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती समोर बसले होते.

भारती म्हणाले त्याचा आशय असा: आपण लढाईच्या स्थितीत आहोत आणि लढाईत नुकसान होतंच. दहशतवादी तळ उद्ध्वस्त करण्याचं उद्दिष्ट साधलं का, हे विचारा. तपशील आत्ता देणार नाही, त्याचा फायदा समोरच्याला होईल. आपले सगळे वैमानिक घरी परतले आहेत.

"मॅडम, म्हणजे आपली विमानं पडली. मथळा घेऊ?" नवीन उपसंपादक खुर्चीतून उठलाच. पलीकडून दुसरा म्हणाला, "कुठे पडली? सगळे परत आले म्हणाले ना!"

मी तेवढा भाग परत लावायला सांगितला. भारतींनी नुकसान नाकारलं नव्हतं आणि आकडाही दिला नव्हता. परत आल्याचं म्हटलं होतं ते वैमानिकांबद्दल, विमानांबद्दल नव्हे. इतकं मोजून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी मथळ्यासाठी जास्तीचं काही घालणं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याला कारण 8 मेची रात्र. काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं आणि आम्ही ते का घेत नाही म्हणून वाचक फोनवर चिडत होते. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग रोज समोर येऊन माहिती देत होते. त्यांच्या बोलण्यात हे कुठेच नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. आणि आता प्रमोद सांगत होते की नौदल कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर हल्ला करायच्या तयारीत होतं. तयारीत! तीन रात्री लोकांनी जे खरं मानलं, ते घडलंच नव्हतं.

ज्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यावरून हे सगळं सुरू झालं, त्यात महाराष्ट्राची 6 माणसं गेली, त्यातली 3 डोंबिवलीची. त्या संध्याकाळी डोंबिवलीहून एका आजोबांचा फोन आला. "बाई, आपलं किती नुकसान झालं?"

"काका, त्यांनी सांगितलेलं नाही."

"मग तसं छापा. आम्हाला कळतं."

आमच्या वृत्तसंपादकांनी कारगिलच्या वेळी डेस्कवर काम केलं होतं. 26 मे 1999ला हवाई दल उतरलं, दुसऱ्याच दिवशी एक मिग-27 आणि एक मिग-21 गेलं, आणि हे लगेच जाहीर झालं. त्यांना ते अजून आठवत होतं. एक वैमानिक पाकिस्तानच्या ताब्यात होता, त्यामुळे लपवण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं, असं माझं मत. या वेळी वैमानिक हाती लागला नव्हता, म्हणून गप्प राहणं शक्य झालं. चालू मोहिमेत प्रवक्त्याने गप्प राहावं हे मला मान्य आहे. समोरच्याला आपलं कुठलं शस्त्र लागू पडलं हे आपणच का सांगायचं?

आम्ही मुख्य बातमीत उद्ध्वस्त केलेले 9 तळ आणि घईंनी सांगितलेला शंभराहून अधिक दहशतवादी मारल्याचा आकडा त्यांच्या नावाने घेतला. त्याखाली, पान घडी घालण्याच्या वरच, स्वतंत्र मथळ्याने भारतींचं उत्तर पूर्ण छापलं. 'नुकसान लढाईचा भाग. तपशील आता नाही.' जाहिरात विभागाला जागा कमी पडली, त्यावरून वाद झाला. मी हटले नाही.

31 मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं आणि पाकिस्तानचा 6 विमानांचा दावा साफ चुकीचा म्हटला. आपला आकडा त्यांनीही दिला नाही. 9 ऑगस्टला बंगळुरूमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी शत्रूची 5 लढाऊ विमानं आणि 1 मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. कारगिलनंतर तीनच दिवसांत चौकशी समिती नेमली गेली होती आणि तिचा अहवाल संसदेपुढे आला होता. तसंच याही वेळी व्हावं आणि आपल्या नुकसानीचा आकडा संसदेत सांगितला जावा, असं मला मनापासून वाटतं. डोंबिवलीच्या त्या काकांना मी अजून उत्तर देणं लागते.