रात्री दोन वाजता बिल्डिंग किती वीज खाते?

एनर्जी ऑडिट, म्हणजे बिल्डिंगमध्ये ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधणं, शिकायला घेतलं तेव्हा माझा सगळा जीव त्या थर्मल (तापमान दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात अडकला होता, पण सरांनी सुरुवातीला तो हातात दिलाच नाही. आधी बारा महिन्यांची बिलं घेऊन बसा म्हणाले, वर्षाचे एकूण युनिट भागिले चौरस मीटर, आणि जो आकडा येईल तो तशाच वापराच्या दुसऱ्या बिल्डिंगशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण कुठे शोधायचं ते तिथेच कळतं.

मग एका ऑफिसच्या मेन पॅनलला आठवडाभर लॉगर (वीजवापराची सतत नोंद करणारं यंत्र) लावला. ग्राफ उघडला तर रात्री दोन वाजता, आत चिटपाखरू नसताना, लोड दिवसाच्या जवळपास निम्मा!! एसीचे मोठे ब्लोअर कोणीतरी कधीतरी मॅन्युअलवर टाकले होते आणि परत ऑटोवर करायचे राहून गेले, बस एवढंच. नवीन मशीन नको काही नको. आणि ब्लोअरचं गणित तर मला फारच आवडलं, स्पीड 20 टक्के कमी केला की पॉवर जवळजवळ निम्म्यावर येते (पॉवर स्पीडच्या घनाप्रमाणे बदलते, 0.8 चा घन करून बघा, 0.51), त्यामुळे कुठे व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) दिसला की तो नुसता फुल स्पीडवर तर ठेवलेला नाही ना हे मी आधी बघतो.

घरांमध्ये हवा कुठून गळते ते शोधायला ब्लोअर डोअर टेस्ट. मेन दारात पंखा बसवून आतली हवा बाहेर खेचायची, आतबाहेर 50 पास्कलचा फरक ठेवायचा आणि हात फिरवत जायचं, स्विचबोर्डच्या मागून, खिडकीच्या चौकटीखालून हवा येताना सरळ हाताला लागते. पण त्याआधी गॅसचा बॉयलर, शेगडी वगैरे बंद केलंच पाहिजे, नाहीतर धूर उलटा घरात ओढला जातो, यात हयगय नको.

आणि कॅमेरा? चकचकीत स्टीलच्या गरम पाइपवर धरला तर त्याने पाइप थंड दाखवला, मी तेच लिहून पण टाकलं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो, म्हणून आता आधी काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवतो आणि टेपचं तापमान घेतो.

पुढच्या आठवड्यात एका शाळेत लॉगर लावायचाय. मोठ्या सुट्टीतही त्यांचं बिल फारसं उतरत नाही, तिथे रात्री काय चालू राहतंय ते बघायचंय.