८१३ लिनिअर: फिलामेंटचा हरवलेला एक व्होल्ट

मागची नोंद लिहिली तेव्हा लिनिअर, म्हणजे माझ्या हॅम रेडिओची पॉवर वाढवणारा, ८१३ व्हॉल्व्हवरचा अँप्लिफायर, पहिल्यांदाच डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) चालला होता आणि मी खुशीत होतो. त्यानंतरचे पाच रविवार एकाच दोषामागे गेले. तो दोष गेल्या आठवड्यात सापडला, दुरुस्तही झाला, आणि काल सकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) पहिले क्यूएसओ, म्हणजे दुसऱ्या हॅमशी संपर्क, झाले. आपल्यातलं कुणी ८१३ घेऊन बसलं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

यंत्र असं आहे. एकच ८१३, ग्राउंडेड ग्रिड. दोन्ही ग्रिड आणि बीम प्लेट थेट चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला), ड्राइव्ह, म्हणजे रेडिओकडून येणारा सिग्नल, फिलामेंटला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापत्या तारेला). चासीकडे जाणाऱ्या जोडण्या रुंद आणि आखूड हव्यात, म्हणून पुण्यातल्या तांबट आळीतून तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून आणल्या. तिथल्या कारागिराने त्या ठोकून सरळही करून दिल्या. हाय व्होल्टेजसाठी ७५० व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून घेतला आणि त्यावर डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) केला. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्स्फॉर्मर वापर, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पण त्याचा कोअर सॅच्युरेशनच्या काठावरच चालवलेला असतो, काही भार नसतानाही तो तापतो आणि गुरगुरतो, शिवाय सेकंडरीचं एक टोक कोअरलाच जोडलेलं असतं. रोज तासभर चालवायच्या यंत्रात मला तो नको होता.

डबलरवर २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टांचे सहा कंडेन्सर सिरीजमध्ये आहेत, प्रत्येकावर १०० के, ५ वॉटचा रेझिस्टर. तापकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळालं. भार नसताना २१०० व्होल्ट येतात, म्हणजे त्या रांगेत सुमारे ८० ज्यूल साठलेले असतात. स्विच बंद केल्यावर ५० व्होल्टांखाली यायला जवळपास दीड मिनिट लागतं. मी तीन मिनिटं थांबतो, मीटर शून्यावर आलेलं पाहतो, आणि तरीही झाकण उघडल्यावर सर्वांत आधी अर्थ केलेली शॉर्टिंगची काठी प्लेट कॅपवर (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोकावर) टेकवतो. काठी तिथेच टेकलेली ठेवूनच हात आत जातो. आजवर एकदाही ठिणगी पडलेली नाही, तरी हा क्रम मी मोडत नाही आणि तुम्हीही मोडू नका.

अँटेना सॉकेटपासून चासीला २.५ मिलिहेन्रीचा एक चोक (डीसी जाऊ देणारी, रेडिओ सिग्नल अडवणारी कॉइल) बसवला आहे. साठ-सत्तर रुपयांची वस्तू, पण ती का हवी ते सांगतो. प्लेटकडचा ब्लॉकिंग कंडेन्सर (डीसी अडवणारा) शॉर्ट झाला तर २००० व्होल्ट डीसी सरळ अँटेनावर जातील, आणि आपली अँटेना गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारून गेलेली असते. हा चोक असला की तो डीसी चासीकडे जातो आणि फ्यूज उडतो. जुन्या लिनिअरमध्ये कुणी तो काढून टाकलेला असेल तर बाकी काही करण्याआधी तो परत लावा.

पाय नेटवर्कचं (व्हॉल्व्ह आणि अँटेना यांचा मेळ घालणाऱ्या दोन कंडेन्सर आणि एका कॉइलच्या सर्किटचं) गणित ४० मीटरपुरतं असं बसलं. १९५० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर धरले तर प्लेटचा लोड ६.२ के ओहमच्या आसपास येतो. क्यू (सर्किट किती तीक्ष्ण जुळतं त्याचा आकडा) १२ घेतला तर प्लेटकडे ४३ पिकोफॅरड, कॉइल १२ मायक्रोहेन्री, अँटेनाकडे १८० पिकोफॅरड. कॉइलसाठी ५० मिमी व्यासावर ७५ मिमी लांबीत २२ वेढे. आता गंमत बघा, ८१३ च्या प्लेटची स्वतःचीच कपॅसिटन्स १४ पिकोफॅरड आहे. ४० मीटरवर ती ४३ मध्ये सहज सामावते. २० मीटरवर एकूण लागतात जेमतेम २१. त्यातले १४ व्हॉल्व्हने खाल्ले की ट्यूनिंगच्या गँगला (फिरवून बदलता येणाऱ्या कंडेन्सरला) उरतात ७, आणि गँग पूर्ण उघडला तरी त्याची किमान कपॅसिटन्स त्याहून जास्त असते. त्यामुळे वरच्या बँडवर क्यू वाढतो, कॉइल तापते, आउटपुट घटतो. ८१३ हा खालच्या बँडचा व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्याकडून तेवढंच मागावं, असं माझं मत झालंय. दीड मिमी अंतराच्या पत्र्यांचा गँग जुन्या बाजारात दोन रविवार धुंडाळल्यावर मिळाला. त्याच्या पत्र्यांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून घेतल्या, कारण कडेवर बारीकशी कुस राहिली तरी नेमकी तिथूनच ठिणगी उडते.

हे सगळं हाय व्होल्टेज न देता जुळवता येतं. प्लग काढलेला, कंडेन्सर रिकामे, व्हॉल्व्ह सॉकेटमध्येच. प्लेट कॅपपासून चासीपर्यंत ६.२ के चा साधा कार्बन रेझिस्टर लावायचा (वायरवाउंड चालत नाही) आणि अँटेना सॉकेटवर नॅनो व्हीएनए (इम्पिडन्स मोजणारं छोटं उपकरण). दोन्ही गँग फिरवून ५० ओहम आणले की नॉबच्या जागा पेन्सिलने खुणायच्या. माझ्या खुणा आणि प्रत्यक्ष पॉवरवरच्या जागा यांत नॉबचा एखादा अंशच फरक निघाला.

आता तो दोष.

डमी लोड म्हणजे २ के, ३ वॉटचे ४० रेझिस्टर पॅरललमध्ये, ट्रान्स्फॉर्मर ऑइलच्या डब्यात बुडवलेले. त्यावर ऑसिलोस्कोप. ४५ वॉट ड्राइव्ह दिला की सुरुवातीला पीक १५५ व्होल्ट दिसायचे, म्हणजे २४० वॉट. अर्धा मिनिट की दाबून प्रसारण, अर्धा मिनिट विश्रांती, असं चालू ठेवलं की पाचव्या-सहाव्या मिनिटापर्यंत पीक ११८ व्होल्टांवर उतरायचं. म्हणजे जवळपास १४० वॉट. प्लेट करंट २०० वरून १५० मिलिअँपिअरवर यायचा आणि ड्राइव्ह वाढवला तरी वर सरकायचा नाही. दहा मिनिटं सगळं बंद ठेवून परत चालू केलं की पुन्हा २४०.

मी ठरवून टाकलं की व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. दुसरा ८१३ होता, तो बरीच वर्षं खोक्यात पडून होता. त्याला आधी दिवसभर फक्त फिलामेंटवर ठेवला, मग हाय व्होल्टेज दिलं. पाचव्या मिनिटाला तोच उतार. इथे खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं की दोन वेगळे व्हॉल्व्ह एकाच पद्धतीने थकत नाहीत. पण मी हाय व्होल्टेजकडे वळलो. ते स्थिर होतं. ब्लॉकिंग कंडेन्सर बंद करून, शॉर्ट करून हात लावून पाहिले, गार. प्लेट चोक व्हीएनएवर तपासला, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास कुठेही सिरीज रेझोनन्स नाही. पॅरासिटिक सप्रेसरचा (नको ती आंदोलनं दाबणाऱ्या भागाचा) रेझिस्टर मोजला, ठीक. यात तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी आमच्याकडचे एक ज्येष्ठ हॅम काका आले होते. त्यांनी व्हॉल्व्हच्या काळातले ट्रान्समीटर हाताळलेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “फिलामेंटला किती?”

“दहा पॉइंट दोन, काका. भाराखाली मोजलेत.”

“कुठे मोजलेस?”

“ट्रान्स्फॉर्मरच्या टॅगवर, तार झाळायच्या पट्टीवर.”

“तिथे नाही रे बाळा. पिनेवर मोज. व्हॉल्व्हला टॅग माहीत नाही, त्याला पिनच माहीत.”

फिलामेंटचा दोष शोधायला हाय व्होल्टेज लागतच नाही. ते पूर्ण बंद, कंडेन्सर रिकामे, प्लेट कॅप शॉर्ट. फक्त फिलामेंट चालू. सॉकेटच्या खालून पिनांची टोकं दिसतात, त्यांना सुईसारखे प्रोब टेकवले. सुरुवातीला ९.४ व्होल्ट. दर मिनिटाला मोजत गेलो: ९.४, ९.३, ९.२. सहाव्या मिनिटाला ९.०. ट्रान्स्फॉर्मरच्या टॅगवर अजून १०.२ च होते.

८१३ ची फिलामेंट १० व्होल्ट, ५ अँपिअरची आहे आणि तिला ५ टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ९.५ पर्यंत. माझी सुरुवातच त्याखाली होती. थोरिएटेड टंगस्टनला व्होल्टेज कमी पडलं की एमिशन झपाट्याने घटतं, आणि मग ड्राइव्ह कितीही द्या, द्यायला इलेक्ट्रॉनच नसतात. प्लेट करंट १५० ला अडत होता तो यामुळे. हे नेहमी थोडं थोडं चालू राहिलं असतं तर दोन्ही व्हॉल्व्ह खरोखरच मेले असते.

१.२ व्होल्ट जात कुठे होते? ०.३ बायफिलर चोकमध्ये (फिलामेंटच्या दोन्ही तारा शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या कॉइलमध्ये). जुन्या मीडियम वेव्ह रेडिओतल्या फेराइट रॉडवर मी १९ गेजची तार गुंडाळली होती, हाताशी तीच होती म्हणून. उरलेले ०.९ सॉकेटच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये. ०.९ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे साडेचार वॉट, दोन चिमुकल्या क्लिपांमध्ये. तापलं की स्प्रिंग आणखी ढिली, ढिली झाली की आणखी तापणार. पाच मिनिटांचा उतार म्हणजे हेच चक्र होतं.

व्हॉल्व्ह काढून भिंगाखाली सॉकेट पाहिलं. पाच कॉन्टॅक्ट पितळी पिवळे आणि चकचकीत. फिलामेंटचे दोन मात्र जांभळट काळे, कडेला मोरपिशी छटा, आणि चिमट्याने दाबले तर परत वर येईनात. व्हॉल्व्हच्या त्या दोन पिनांवरही तसाच काळा थर होता, फक्त एका बाजूला, नखभर. पकड तेवढ्याच जागेवर उरली होती. हे सॉकेट एका मोडीत निघालेल्या ट्रान्समीटरमधून मला मिळालं होतं. वरून सिरॅमिक इतकं स्वच्छ होतं की मी आत डोकावलोच नव्हतो.

ते दोन कॉन्टॅक्ट वाचण्यासारखे नव्हते. न वापरलेल्या दोन जागांचे कॉन्टॅक्ट काढून इथे बसवले, पिना बारीक पॉलिश पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या, आणि फिलामेंटची तार टॅगला नुसती डाग न देता आधी पीळ मारून मग झाळली. चोक १६ गेजच्या तारेने पुन्हा केला, दोन तारा शेजारी-शेजारी, २८ वेढे. जाड तार रॉडवर गुंडाळताना सुटते. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून, तार ताणून, रॉड फिरवत पुढे जायचं. त्याआधी रॉडवर फायबर टेपचे दोन थर दिले, कारण फेराइटच्या धारेने एनॅमल खरवडलं तर शॉर्ट फिलामेंटलाच.

आता टॅगवर १०.२, पिनेवर ९.९. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, ९.९. डमी लोडवर पीक १५५ व्होल्ट, वीस मिनिटं हलले नाहीत. प्लेट इनपुट ३९० वॉट, माझ्या हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडच्या ४०० वॉटांच्या मर्यादेच्या आत. आउटपुट २४०, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. तेही मे महिन्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत.

काल सकाळी इन्व्हर्टेड व्हीवर (उलट्या व्ही आकाराच्या तारेच्या अँटेनावर) नागपूरच्या एका मित्राशी बोललो. आधी नुसत्या रिगचे (मूळ रेडिओचे) ४५ वॉट, मग लिनिअर, असं न सांगता तीनदा बदलून पाहिलं. तिन्ही वेळा त्याने एक एस युनिट (सिग्नलच्या जोराचं माप) वर, एक खाली असं बरोबर ओळखलं. ४५ ते २४० म्हणजे सात डीबीहून थोडं जास्त, एस युनिट सहा डीबीचं, तेव्हा गणित जुळतं. कागदावर एक एस युनिट लहान वाटतं. पण वळवाचे ढग जमून बँडवर कडकडाट सुरू झाला की नेमकं तेवढ्यासाठी नाव, गाव तीन-तीनदा सांगावं लागायचं, आणि काल ते एकदाच सांगून झालं.

पुढचं काम इनपुटचं. एका ८१३ चा ग्राउंडेड ग्रिड इनपुट २७० ओहमच्या आसपास असतो आणि सध्या रिग तो कसाबसा सोसतोय. त्यासाठी छोटं पाय नेटवर्क जोडायचंय. मायका कंडेन्सर आणून ठेवलेत. आणि पावसाळा लागायच्या आत हाय व्होल्टेजच्या रांगेवरची धूळ ब्रशने काढून रेझिस्टरचे टॅग पुन्हा एकदा तपासायचेत. पिनेवरचं व्होल्टेज दर महिन्याला मोजून वहीत लिहायचं ठरवलंय. पहिली नोंद, ९.९.