डब्यातला डबा

परत आलेल्या खोक्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. कोपरे टोकदार, टेप जशीच्या तशी, वर माझ्याच अक्षरातला पत्ता. आत मात्र मी विकलेल्या मॉडेल रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचा पुढचा एक बफर (धक्का झेलणारी गोल चकती) आडवा झालेला, केबिनखालची पायरी तुटून टिश्यू पेपरात हरवलेली आणि इंजिन आणि टेंडर (मागची कोळसा-पाण्याची गाडी) जोडणारा दांडा वाकलेला. घेणाऱ्याने भांडण केलं नाही. फोटो पाठवले होते आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "पॅकिंग तुम्ही भरपूर केलंय, पण इंजिन आत पळत होतं."

तोवर मी मनातल्या मनात कुरिअरवाल्याचा उद्धार करून मोकळा झालो होतो. खोका हातात घेऊन कानाशी हलवला, तेव्हा कळलं की गुन्हेगार मीच.

जागा पुरेना म्हणून संग्रहातल्या चाळीसेक गाड्या विकायला काढल्या होत्या. बहुतेक एचओ मापाच्या, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर. खऱ्या इंजिनावरचा साडेतीन सेंटीमीटर जाडीचा कठडा या मापात ०.४ मिलीमीटरचा होतो. नख लागलं तरी वाकतो. आणि हे सगळं ज्याच्या अंगावर लटकलेलं असतं ते इंजिन ओतीव धातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास. सगळी मेख इथेच आहे. नाजूक वस्तू म्हटलं की आपण काचेच्या पेल्यासारखं गुंडाळायला घेतो. इंजिन पेल्यासारखं नसतं. ते पोटात जड आणि अंगावर नाजूक, वर पायाला चाकं. बाहेरून कोणी काही करायची गरजच नाही, आपल्याच वजनाने ते आपले हातपाय मोडून घेतं.

थोडं गणित मांडलं. खोका ७६ सेंटीमीटरवरून पडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या जवळ असतो. आतलं इंजिन हा वेग किती अंतरात संपवतं, यावर सगळं अवलंबून. एका मिलीमीटरात थांबलं तर त्याच्यावरचा धक्का सरासरी वजनाच्या ७६० पट. मऊ गादीत तीन सेंटीमीटर दबत थांबलं तर साधारण २५ पट. म्हणजे इंजिनाला थांबायला जागा हवी, पण हलायला नको. ऐकायला विरोधाभास वाटतो, पण उत्तर सोपं आहे: ते ज्या आतल्या खोक्यात आहे त्याच्याशी घट्ट बांधलेलं हवं, आणि तो आतला खोका बाहेरच्या खोक्यात गादीवर तरंगता हवा.

(आमच्या छंदात एक भाषिक पंचाईत आहे. डबा म्हणजे प्रवासी डबा की पुठ्ठ्याचा? घेणाऱ्याशी बोलताना एकदा दहा मिनिटं दोघं वेगवेगळ्या डब्यांबद्दल बोलत होतो. तेव्हापासून पुठ्ठ्याचा तो खोका.)

पुन्हा कोणाच्या इंजिनावर प्रयोग करायची हिंमत नव्हती. मोटर जळालेल्या एका जुन्या इंजिनाचं धूड पडून होतं. त्याला कठड्यांच्या आणि बफरांच्या जागी पेन्सिलीत घालायच्या ०.५ मिलीमीटरच्या शिशाच्या काड्या चिकटवल्या. मोडायच्या बाबतीत त्या खऱ्या कठड्यांपेक्षा हळव्या. मग पॅकिंग करून पाडायला घेतलं. पार्सलच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेची एक पद्धत आहे: एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि सहाही बाजू, अशा दहा आपटी. हलक्या पार्सलसाठी उंची तीच, ७६ सेंटीमीटर. थरथराटाचीही चाचणी असते, ती सोडून दिली.

आधी माझी जुनी पद्धत. बबल रॅपचे चार वेढे आणि वरून चुरगळलेला कागद. खोका आखूड बाजूवर पाडला आणि पुढच्या सगळ्या काड्या एका आपटीत गेल्या. कागद दबून एका बाजूला बसला होता, दुसऱ्या बाजूला दोन बोटं पोकळी. म्हणजे दुसऱ्या आपटीला इंजिन धावत येऊन धडकणार. थर्माकोलच्या दाण्यांचंही तेच, हलून हलून खाली बसतात आणि जड वस्तू त्यांच्यातून तळाशी जाते. शिवाय ते दाणे स्थिर विजेने चिकटतात. एक दाणा गिअरमध्ये सापडला, तो चिमट्याने काढताना अर्धा तास गेला.

नवीन पद्धत तीन-चार संध्याकाळी मोडत-जोडत बसली. कंपनीचा मूळ खोका आणि त्यातला प्लास्टिकचा साचा असेल तर निम्मं काम झालेलं असतं, पण साच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. कारखान्यातून निघताना इंजिनाच्या पुढेमागे फोमचे तुकडे असतात, ते वर्षानुवर्षांच्या हाताळणीत हरवतात. मी तिथे पांढऱ्या पॉलिथीन फोमचे तुकडे कापून बसवतो. तुकडा बफरला टेकवायचा नाही. बफरच्या जागी खाच पाडायची आणि भार खालच्या भक्कम चौकटीवर घ्यायचा. या खाचेत मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. चार तुकडे वाया जातात तेव्हा पाचवा नीट बसतो. जुना पिवळा फोम मात्र दिसला की फेकतो. एका खोक्यातला फोम विरघळून चिकट भुकटी झाला होता आणि ती भुकटी डब्याच्या छतावरच्या रंगात रुतली होती.

बबल रॅप थेट रंगाला लावत नाही, फुग्यांचे गोल डाग उमटलेले पाहिलेत. आधी आम्ल नसलेला टिश्यू पेपर किंवा पातळ पॉलिथीन. रबरबँड अजिबात नाही. पॅन्टोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) असेल तर खाली दाबून कागदाच्या पट्टीने बांधायचा, सैल. धूर सोडणारं इंजिन असेल तर त्यातलं तेल आदल्या दिवशीच काढून टाकायचं. एकदा विसरलो, आणि मूळ खोक्यावर तेलाचा डाग पडला. हे परवडत नाही, कारण जाणकार घेणारा इंजिनाइतकेच पैसे त्या खोक्याचे देतो असं कधीकधी वाटतं. म्हणून मूळ खोक्याला टेप लावत नाही. तो कागदात गुंडाळायचा, टेप कागदाला.

मग तो आतला खोका बाहेरच्यात. सहाही बाजूंना निदान पाच सेंटीमीटर गादी, बाहेरचा खोका दुहेरी थराच्या पुठ्ठ्याचा. झाकण लावताना किंचित दाब द्यावा लागला पाहिजे. आपोआप बंद झालं तर भरण कमी आहे. मधली फट आणि दोन्ही कडा अशी इंग्रजी एचच्या आकारात टेप. पत्त्याची एक चिठ्ठी आतही. 'नाजूक' असं लाल स्टिकर लावतो खरा, पण मनाच्या समाधानासाठी. मशीनच्या पट्ट्यावरून घरंगळणाऱ्या खोक्याला वाचता येत नाही.

या सगळ्याची किंमत आकाराने मोजली जाते. माझा खोका ४० बाय २० बाय २० सेंटीमीटरचा झाला, आत जेमतेम सव्वा किलो. पण लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले ५००० या नेहमीच्या हिशेबाने त्याचं वजन ३.२ किलो धरलं गेलं. "एवढ्याशा इंजिनाला एवढं भाडं?" असं घेणारे विचारतात. मी त्यांना तुटक्या पायरीचा फोटो पाठवतो. मग कोणी घासाघीस करत नाही.

नव्या पॅकिंगला दहा आपटींत एकच काडी मोडली, धुराड्याजवळची. वर पारदर्शक झाकण आणि धुराडं यात फट नव्हती. तिथे फोमचं भोक पाडलेलं कडं ठेवलं. दुसऱ्या दहात काहीच मोडलं नाही. रात्री साडेअकराला धपाधप आवाज ऐकून बायको दारात येऊन उभी राहिली. तिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गेली.

तरी एक इंजिन गेलंच, आणि प्रवासात नाही. सुखरूप पोहोचलं होतं. घेणाऱ्याने उत्साहात वरून दोन बोटांनी धरून उपसलं आणि कठडा हातात आला. त्यानंतर साच्यात इंजिनाच्या पोटाखालून पॉलिथीनची रुंद पट्टी घालतो, दोन्ही टोकं वर. झोळी उचलावी तसं इंजिन उचलायचं. वर चिठ्ठी: "पट्टीला धरून काढा. चाकं, कठडे, धुराडं यांना हात लावू नका." पॅक करण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि चालवून व्हिडिओ काढतो, तो घेणाऱ्याला आधीच पाठवतो. म्हणजे नंतर कोण काय म्हणालं याचा प्रश्न येत नाही.

चाळीसातल्या बहुतेक गाड्या गेल्या. ते परत आलेलं इंजिन दुरुस्त केलं. टिश्यू पेपर ताणून ताणून शोधल्यावर पायरी सापडली, मुगाच्या दाण्यापेक्षा लहान. बफर सरळ केला, दांडा नवा बसवला. दुरुस्तीची नोंद करून विकायला ठेवायचं होतं, ते राहिलं. त्याच्या मागचे प्रवासी डबे तेवढ्यात विकले गेले. आता ते टेबलावरच्या गोल रुळांवर एकटंच फिरतं, मागे नुसतं टेंडर.